कापलेल्या चिठ्ठ्या

थोरली: कात्रीने? सगळ्या?

धाकटा: सगळ्या. मळकी सुतळी, पिवळे कागद. सगळं सामान विकत घेणारा हॉटेलवाला म्हणाला, आधी हे लोंबतंय ते काढा. काढलं.

थोरली: डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हणून गेले मी, अर्धा दिवस दुकानात नव्हते. तेवढ्यात आजोबांचं दुकान भादरून ठेवलंस!

धाकटा: पहिली खेप गेलीसुद्धा. कपाटं, अकरा पलंग. पलंग सुटे करून एक टोक मी स्वतः धरलं, ट्रकमध्ये चढवले. उरलेलं चार वाजता जाईल. जागा विकायच्या कागदावर तुझी सही तेवढी राहिलीय.

थोरली: मेले तरी करायची नाही!

धाकटा: नको करूस. बस रिकाम्या दुकानात माश्या मारत. गेल्या महिन्यात किती गिऱ्हाइकं आली? रस्ता चुकलेली धरून सांग.

थोरली: जी आली ती चिठ्ठ्या वाचत तासतासभर थांबली. अरे, आजोबा हातगाडीवर भंगार गोळा करायचे तेव्हापासूनची रीत आपली. वस्तू कोणाच्या घरची, आणली कोणी, विकतोय का. आणणाऱ्याला समोर बसवून लिहायचं. कारण सांगणार नाही त्याची वस्तू उंबऱ्याच्या आत घेतली नाही कधी. ती चिठ्ठी गेली की उरतं काय? सरपण!

धाकटा: लोकांच्या घरातली भांडणं टांगून ठेवायची आणि त्याला म्हणायचं दुकान.

थोरली: हो, भांडणं! ते दोन भाऊ आठवतात? बापाचं कपाट करवतीने मधोमध कापलं. एकाने अर्धं सोमवारी आणलं, दुसऱ्याने गुरुवारी. बाबांनी दोन्ही अर्ध्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि सुताराकडून जोडून घेतलं.

धाकटा: तेही गेलं सकाळी. हॉटेलवाल्याला तो सांधा फार आवडला.

थोरली: लाज कशी वाटत नाही रे तुला?

धाकटा: लाज? माझ्या पलंगाला चिठ्ठी बांधताना बाबांना वाटली होती? जेवता जेवता टेबल विकलं जायचं आपल्या घरात, ताटं मांडीवर घेऊन उठायचो. ते सोसलं. पण पलंग? नऊ वर्षांचा होतो मी. शाळेतून आलो तर खोलीत चार पायांचे चार डाग, बस्स!

थोरली: म्हणून गेलास की मामाकडे. तिथेच शिकलास, मोठा झालास. आता इतक्या वर्षांनी कात्री घेऊन आलास सूड उगवायला.

धाकटा: उगवला समज.

थोरली: कुठायत चिठ्ठ्या? जाळल्या नाहीस ना?

धाकटा: त्या गोणीत. ट्रक आला की ती पण फेकतो.

(ती गोणी टेबलावर उपडी करते. कागद डोळ्यांजवळ नेते, लांब धरते आणि चिडून खाली ठेवते.)

थोरली: मेलं ते डोळ्यांत घातलेलं औषध, अक्षर दिसेना. तू वाच.

धाकटा: मी कशाला वाचू?

थोरली: कापताना एक तरी वाचलीस? नाही ना? मग आता वाच. कुठल्या वस्तूची ते मी सांगते. एक जरी चुकले तर आण तो कागद, करते सही.

धाकटा: बघ हं, शब्द दिलायस. ‘घर: शिंपिणीचं. आणलं: तिच्या सुनेने. कारण: टिकटिकीने झोप येत नाही.’

थोरली: लंबकाचं घड्याळ. झोप यायची नाही ती सासूच्या टोमण्यांनी. पुढची?

धाकटा: ‘घर: मास्तरांचं. आणला: स्वतः. कारण: आता बघायला कोणी उरलं नाही.’

थोरली: आरसा. काच डाव्या कोपऱ्यात तडकलेली. वाच पुढे, थांबलास का?

धाकटा: हे बाबांचं अक्षर आहे.

थोरली: असेल. वाच.

धाकटा: ‘घर: आपलंच. आणला: मीच, परत. कारण: धाकटा रुसला. विकायचा नाही.’

थोरली: निघाली का ती.

धाकटा: माझा पलंग परत आणला होता?

थोरली: आठव्या दिवशी. घेणाऱ्याच्या हातापाया पडून. सांगायला मामाकडे आले होते, तू कडी लावून बसलास. सुट्टीत यायचास ते खाली पथारी टाकायचास, माडीवर एकदा तरी पाय ठेवलास?

धाकटा: म्हणजे माडीवर तो...

थोरली: तोच. गाद्या रचल्या होत्या त्याच्यावर. आज तू टोक धरलंस.

धाकटा: मी हॉटेलवाल्याला फोन करतो. पलंग परत पाठव म्हणतो.

थोरली: कर की. कुठला म्हणून सांगशील? अकरा पलंग, सगळे सुटे. पाय एकाचे, फळ्या दुसऱ्याच्या.

धाकटा: तू ओळखशील.

थोरली: डोळे झाकूनसुद्धा. हात फिरवला की कळेल मला. पण मी का येऊ?

धाकटा: ताई.

थोरली: एकटा पलंग आणायला मी येणार नाही. आणायचं तर सगळं आणायचं. ते जोडलेलं कपाटसुद्धा.

धाकटा: तो सोडणार नाही इतकं सगळं.

थोरली: मग पड त्याच्या पाया. बाबा पडले होते.

धाकटा: चल.

थोरली: ती गोणी भर आधी. आणि सुतळी घे बरोबर, नवी.