धपाट्यांचा डबा

(मुंबईहून लक्षद्वीपकडे निघालेलं प्रवासी जहाज. तिसऱ्या दिवसाची सकाळ, समुद्र खवळलेला. आठव्या मजल्यावरच्या हॉलात खिडकीजवळच्या टेबलाशी तिघं बसली आहेत : खराडीचे दत्तोबा, त्यांची बायको शालू आणि त्यांच्या चाळीत पूर्वी भाड्यानं राहिलेल्या वेणूबाई.)

दत्तोबा : आधी त्या डब्याचं झाकण लावा.

शालू : अहो, हे काय बोलणं झालं? तुमच्यासाठीच उघडलाय त्यांनी. काल एका बैठकीत पाच धपाटे संपवलेत. वर बोटीवरचं जेवण ते वेगळं.

दत्तोबा : कालचं काल. आज नगं.

वेणूबाई : राहू द्या वहिनी. जहाज लई हालू लालंय. मालकांच्या पोटात ढवळत असंल. घ्या मालक, आवळकाठी तरी तोंडात टाका. घरी वाळवलेली आहे.

दत्तोबा : आवळकाठी बी नगं.

शालू : मग हे बोटवाल्यांचं हिरवं सफरचंद खा. मळमळीवर चांगलं असतं म्हणे. सकाळपासून परडी भरून ठेवलीय त्यांनी.

दत्तोबा : आन इकडं. त्ये खातो.

वेणूबाई : सफरचंद चालंल?

दत्तोबा : चालंल.

शालू : चाललंच की. दोन घासांत अर्धं गेलं. कप्तान आत्ता भोंग्यावरून काय बोलला ते तरी ऐकलंत का? बेटावर उतरवणार नाहीत आपल्याला. इतक्या मोठ्या लाटांत छोट्या होड्या सोडता येत नाहीत. आजचा सगळा दिवस असाच, पाळण्यात.

दत्तोबा : पाळण्यात पोरगं तरी झोपतंय. मी पाच वाजल्यापास्नं जागा हाय.

शालू : पोहायच्या टाकीवर जाळी टाकलीय. पाणी ह्या काठावरून त्या काठावर उसळतंय. आणि जिन्याच्या कठड्याला जागोजागी कागदी पिशव्या अडकवल्यात, ज्याला लागेल त्यानं घ्यावी. तुमच्या भावकीतल्या लग्नात पत्रावळ्याही इतक्या सढळ हातानं वाटत नाहीत.

दत्तोबा : भावकीला मधी आनू नगंस.

शालू : मी कुठे आणतेय? गेले आठ महिने तुम्हीच आणताय.

वेणूबाई : आमचे हे तर सकाळपासून खोलीत आडवे पडलेत. डोळे उघडले की छत फिरतंय म्हणू लालेत.

दत्तोबा : नागोराव झोपलं का पर?

वेणूबाई : झोपले असतील आता. कामून?

दत्तोबा : काय न्हाय. इचारलं आपलं.

शालू : खरं सांगू वेणूबाई, मला मजा येतेय. पंचवीस वर्षं बालवाडीत पोरं सांभाळली. एवढा कल्ला आणि एवढी आदळआपट म्हणजे मला माहेरी आल्यासारखं वाटतं. मघाशी हौजीत एक ओळ लागली माझी. टोपी मिळाली.

दत्तोबा : कुटं हाय टोपी?

शालू : उडाली. दार उघडून बाहेर वाकून बघायला गेले होते.

दत्तोबा : बाहीर? एवढ्या वाऱ्यात?

शालू : तुम्ही बोलत नाही, नागोराव उठत नाहीत. मग समुद्राशीच बोलणार ना माणूस. वेणूबाई, तुमचा तो धपाटा द्या मला. ह्यांचं जाऊ द्या. लसूण काय खमंग लागलाय.

वेणूबाई : घ्या की. दोन घ्या. बोटीवर चढताना तपासणीवाल्या पोरीनं डबा उघडून बघितला, हुंगला आणि विचारलं, "मौसी, कितने दिन टिकेगा?" मी म्हटलं, चार दिवस. टिकायला पाहिजेत, चौघांचे आहेत.

शालू : चार दिवस. आमच्या लेकीनंही एवढेच दिलेत. तिकिटं पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "आई-बाबा, आनंदच्या आई-बाबांसोबत चार दिवस एका टेबलावर जेवा. मग लग्नाला हो की नाही ते सांगा. पण सांगा." परवा बोट मुंबईला लागेल तेव्हा ऋतुजा धक्क्यावर उभी असणार. आणि हे अजून 'बघू'च म्हणतायत.

दत्तोबा : बघतोयच की.

शालू : खिडकीबाहेर बघताय.

वेणूबाई : आमच्या आनंदनं पण निघताना एवढंच सांगितलं, "आई, मालकांना तू काही विचारू नको." मी कुठं विचारू लाले? मी तर नुसते धपाटे वाढू लाले.

शालू : गंमत बघा. आमच्या गवारीच्या वावरात ती एवढी काचेची इमारत उभी राहिली. तिच्या सातव्या मजल्यावर आमची ऋतुजा बसते आणि शेजारच्या खुर्चीत तुमचा आनंद. आमच्या चाळीतल्या सात नंबरच्या खोलीतून निघाला आणि सातव्या मजल्यावर आला.

वेणूबाई : दिव्याखाली बसून अभ्यास करायचा. तुम्ही गुपचूप वायर दिली होती, वहिनी.

दत्तोबा : कसली वायर?

शालू : आता दहा-बारा वर्षांनी विचारून काय उपयोग? तुम्ही रात्री दहाला चाळीचा मेन स्विच पाडायचात. मी आपल्या ओसरीवरून एक दिवा दिला होता त्याच्या खिडकीला. बारावीचं वर्ष होतं त्याचं.

दत्तोबा : मला म्हाईत न्हवतं.

शालू : माहीत असतं तर वायर राहिली असती का?

दत्तोबा : ...न्हाय.

वेणूबाई : जाऊ द्या ते. मालक, सफरचंदानं घसा कोरडा पडला असंल. ह्या बाटलीतलं पाणी घ्या. लिंबू-मीठ घातलंय.

दत्तोबा : नगं. शाले, त्यो बोटीचा जग सरकव इकडं.

शालू : अहो.

दत्तोबा : सरकव म्हनतो ना.

वेणूबाई : मालक, एक बोलू? राग नका मानू.

दत्तोबा : बोला.

वेणूबाई : बारा वर्षं तुमच्या चाळीत राहिलो. तुम्ही पाण्याची मोटार बघायच्या निमित्तानं यायचे, दारात उभ्यानं माझ्या हातचा धपाटा खायचे. चटणीत लसूण कमी हाय म्हणायचे. मी लसूण वाढवला. परवा खाल्लं, काल खाल्लं. आज बोटीचं सफरचंद चालतंय, बोटीचं पाणी चालतंय, आणि माझ्या बाटलीतलं चालत नाही. भाडेकरू होतो तवर माझ्या हाताला चव होती. सोयरिकीला हो-नाही सांगायची वेळ आली आणि तुमचा हात आखडला. नाही म्हणायचं असंल तर तोंडानं नाही म्हणा. आम्ही गरीब आहोत, पण ऐकून घ्यायची ताकद आहे आमच्यात. डब्यावर राग कामून काढू लालाव?

शालू : बोला आता. मलाही ऐकायचंय.

दत्तोबा : सांगतो. बोट जरा सरळ हू द्या.

शालू : बोट संध्याकाळपर्यंत सरळ होणार नाही. वाकडीवरच सांगा.

दत्तोबा : मी ल्हान व्हतो. आण्णा मला घिऊन आक्काकडं जायचं, लोणी काळभोरला. माझी थोरली भन दिलती तिथं. बैलगाडीनं जायचं. नदीच्या उतारात गाडी अशीच डुलायची आन माझं पोट असंच वर यायचं. आक्काच्या दारात उतरलं की तिची सासू पाण्याचा तांब्या घिऊन पुढं. आन आण्णा हात जोडायचं.

शालू : मामंजींची ही गोष्ट मी ऐकलीय. शेजारच्या विहिरीवर जाऊन पाणी प्यायचे.

दत्तोबा : तितंच पेयाचं. मग गाडीच्या सावलीला बसून घरनं बांधून नेलेली भाकर खायाचं. आक्का दारात उभी ऱ्हाऊन बघायची. मी इचारलं, "आण्णा, त्यांचं पानी वंगाळ हाय का?" तर म्हनलं, "न्हाय रं. पानी चांगलं हाय, मानसं बी चांगली हायती. पर आपली लेक दिलीया हितं."

वेणूबाई : मालक.

दत्तोबा : लेकीला मूल हुईस्तवर बापानं तिच्या सासरचं अन्न-पाणी घ्यायचं न्हाई. आण्णांनी धा वर्सं पाळलं. आक्काला लई उशिरा झालं ना पोरगं.

वेणूबाई : माझ्या वडलांनी पण पाळलं. परभणीवरून पुण्याला आले तरी स्टेशनावरचा चहा पिऊन यायचे. आनंदच्या बारशाला माझ्या हातचं पहिलं पाणी घेतलं त्यांनी. डोळे भरून आले होते त्यांचे.

शालू : थांबा, थांबा. म्हणजे तुम्ही आज ह्यांचं खात नाही, ते...

दत्तोबा : काल खाल्लं. काल काय ठरलं न्हवतं.

शालू : आणि आज ठरलं?

दत्तोबा : आज सकाळी ठरलं.

शालू : आठ महिने मी देव पाण्यात ठेवले. लेक माझ्याशी धड बोलेना. आणि तुम्ही ठरवलंत कधी, तर मी हौजी खेळत असताना?

दत्तोबा : त्याच्या आधी. तू झोपलीवतीस.

शालू : काय झालं सकाळी?

दत्तोबा : ...सांगायसारकं न्हाई.

वेणूबाई : ह्यांनी काही केलं का? आमच्या ह्यांनी?

दत्तोबा : पाचाला मळमळ सुटली म्हनून खोलीच्या भाईर आलो. त्या कागदी पिशवीपातुर बी पोचलो न्हाई. तितंच गालिच्यावर, समद्या दारांम्होरं. धोतर-सदरा समदं. लाजंनं मेल्यागत झालं मला. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. नागोराव.

वेणूबाई : मला काहीच बोलले नाहीत.

दत्तोबा : सोताच्या खांद्यावरचा टावेल काढला आन पुसाया लागलं. मी म्हनलं, "ऱ्हाऊ द्या नागोराव, बोटीची मानसं येतील." तर मला म्हनलं, "गप बसा. तोंड उघडू नका, परत होईल."

शालू : नागोराव म्हणाले? तुम्हाला?

दत्तोबा : दरडावून. बारा वर्सं ह्या मानसानं माझ्याम्होरं मान वर केली न्हाई. मी सातच्या ठोक्याला मोटार बंद केली, घागरी अर्ध्या ऱ्हायल्या, तरी "बरं मालक" म्हनलं. आन आज "गप बसा". मला खोलीत नेलं, सदरा बदलला, कपाळ दाबून धरलं. तू घोरत व्हतीस.

शालू : मी घोरत नाही.

दत्तोबा : मग जाताना म्हनलं, "वहिनींना सांगू नका. उगं काळजी करतील." त्या टावेलाच्या वासानं त्यांचं बी पोट ढवळलं असनार. म्हनून पडल्यात तिकडं. मला लई वंगाळ वाटलं, शाले. आन लई बरं बी वाटलं. भाडेकरू कवा दम देत न्हाई. सोयराच देतो.

शालू : अहो, पुसा ते डोळे. माणसं बघतायत.

दत्तोबा : बघू देत. समदी आज तशीच दिसत्यात.

वेणूबाई : वहिनी, मी काय काय बोलून गेले मालकांना.

दत्तोबा : बराबर बोलला. त्या मोटारीचं बी बोलायचं व्हतं. ते अजून आत असंल तर बोलून टाका.

वेणूबाई : नाही. आता काही नाही आत.

शालू : पण भावकी? तुमचे चुलते, चुलतभाऊ, ते सगळे?

दत्तोबा : त्यांना बी एक डाव बोटीत बसवू. सरळ हुतील.

शालू : ऋतुजाला फोन लावते. नाही लागत. नेटवर्कच नाही. पोरगी तिकडे झुरत असेल आणि हे इकडे हो म्हणून बसलेत.

दत्तोबा : परवा सांगू. धक्क्यावर.

शालू : मीच सांगणार. आठ महिने मी ऐकून घेतलंय, सांगायचा मान माझा.

दत्तोबा : बरं. तू सांग.

वेणूबाई : ह्यांना उठवून सांगू का मी?

दत्तोबा : झोपू द्या अजून थोडं. मग मीच जातो. हात धरून सांगायचं हाय मला.

शालू : एक मिनिट. तुमचं ठीक आहे. माझ्या हातात हा अर्धा धपाटा आहे त्याचं काय? अर्धा तर पोटात गेला.

दत्तोबा : तू आई हायस. तुला बी तेच लागू.

शालू : मला आधी सांगायला काय झालं होतं? किती वर्षं हे आता?

दत्तोबा : नातवंड हुईस्तवर.

शालू : ती दोघं दिवसभर त्या काचेत बसतात. दहा वर्षं लागली तर?

वेणूबाई : खाऊन घ्या वहिनी. हातातला खाली ठेवू नये. पोटात गेलेल्याला सोयरीक नसते.

शालू : हे बरं सांगितलंत. खाते. पण वेणूबाई, बारशाला मला असेच धपाटे लागतील. आणि ह्यांना चटणी जरा...

वेणूबाई : लसूण वाढवून. माहिती आहे मला.

दत्तोबा : हे बघा, मी हितं जग पिऊन बसलोय. पोट बी आता गप झालंय. भूक लागलीया सडकून.

शालू : मग अजून एक सफरचंद घ्या.

दत्तोबा : घेतो. पर तेवढं त्या डब्याचं झाकण लावा, विहीणबाई. वास लई बेस येतोय.