मोठीनं आधी घ्यायचं

(उचगाव. घराचा सोपा, दोघींत एक लॅपटॉप. मनिषा आणि तिची धाकटी चुलत बहीण आरोही.)

आरोही : आक्का, एकदा बघ की गं. दुर्बिणीवाले सर म्हणालेत, दोघींनी बघून ‘व्हय’ म्हटल्याबिगर कळवायचं न्हाय.

मनिषा : बघीन. भाकऱ्या होऊ देत.

आरोही : भाकऱ्या मघाशीच झाल्यात.

मनिषा : मग डोकं दुखालंय.

आरोही : असं नको करूस गं. दुसऱ्या कुणी आधी कळवलं तर त्यांचं नाव लागंल.

मनिषा : लागू दे! तुझंच लागाय पायजे व्हय? दोन वर्सं डोळं फोडून घेतलेत मी. दुर्बीण रोज तेच आभाळ टिपती, कॉम्प्युटर एकेका ठिपक्याचा उजेड मोजतो, उजेड बदललेलं ठिपकं आपण तपासायचं. हे शिकवलं कुणी तुला?

आरोही : तूच.

मनिषा : आणि महिन्या-दीड महिन्यात बाईसाहेबांना फुटलेला तारा घावला! माझ्या वाट्याला काय? नेहमीचंच कमीजास्त होणारं तारं, न्हायतर सरकणारं लघुग्रह.

आरोही : वाटण्या कुणी केल्या पण? दिवाळीच्या साड्यांगत ‘मोठीनं आधी घ्यायचं’ म्हणून ठळक ठळक ठिपके तेवढे तूच घेतलेस. अंधुक सगळे माझ्याकडं ढकललेस. मी एका शब्दानं बोलले?

मनिषा : तेच तर जळतंय! माझ्या हातानं दिला तो मी तुला.

आरोही : आक्का...

मनिषा : आक्का-बिक्का नको. लई जळतंय माझं, सांगून ठेवते. काल सर फोनवर तुला ‘शाब्बास’ म्हणाले, तवा वाटलं, ह्यो लॅपटॉप उचलावा आणि हिरीत टाकावा.

आरोही : टाक जा. पण आधी बघ.

मनिषा : आण हिकडं. चार रातीत उजेड चढलाय. त्यात काय मोठं? कमीजास्त होणाराच असंल. ‘न्हाय’ म्हणून सोडून देऊ?

आरोही : तू म्हणशील तेच सर ऐकणार. माझं कोण ऐकतंय?

मनिषा : व्हय. माझंच ऐकतील.

आरोही : मग?

मनिषा : ...गेल्या वर्साचं फोटो काढ.

आरोही : हे बघ. त्या जागी कायच न्हाय.

मनिषा : त्याच्या आदल्या वर्साचं?

आरोही : त्यातबी न्हाय. नुसती शेजारची दीर्घिका.

मनिषा : चार रातीत जागा सोडलीय का?

आरोही : केसभर न्हाय.

मनिषा : कॅमेऱ्याचा डाग असंल.

आरोही : दुसऱ्या दुर्बिणीच्या फोटोतबी हाय गं.

मनिषा : दाव. (दोन्ही फोटो शेजारी लावून बघते.)

आरोही : आक्का, बोल की. काय सांगू सरांस्नी?

मनिषा : खरा हाय. पाठीव.

आरोही : तुझं नाव वर घालते.

मनिषा : काय नको. घावलाय तुला, तुझंच घाल.

आरोही : रागावलीस?

मनिषा : व्हय. आज माझ्याशी बोलू नकोस.