लसणाला छान म्हणू नका

...नाही, आधी मला हे सांगा, माणसाच्या तोंडाला कुलूप लावायची काही सोय निघाली आहे की नाही? लसूण दिसला, गप्प बसावं! बटाटा बघून म्हणता का कधी, 'वा, काय बटाटा!' नाही म्हणत. कांद्याकडे तर ढुंकून बघत नाही. मग या रानलसणानंच काय घोडं मारलंय तुमचं, की फाटकातून पाऊल आत पडतं न पडतं तोच हात छातीवर, डोळे मोठे, आणि 'माशाल्लाह, ताबारिक, काय हिरवागार लसूण आलाय!' ...झालं. गेला लसूण!

तुम्हाला सांगते, ताबारिकमावशी म्हणजे माझी शेजारीण. ऐंशी कधीच ओलांडली, घरात एकटी, कंबर वाकलेली पण जीभ ताठ. आमच्या मध्ये एक कुंपण, आणि त्या कुंपणातून मला सगळं दिसतं. मी बघत नाही हं, दिसतं! नवरा म्हणतो, "बिर्लांत, त्या फळीला तुझ्या नाकाचा खळगा पडलाय." पडू दे. मी नाक लावलं नसतं तर हे सगळं तुम्हाला आज कोणी सांगितलं असतं? त्यानं?

तर मावशीचा नियम असा, की पाहुण्यानं नावाजली ती वस्तू पाहुण्याची. आता नियम आपल्या सगळ्यांचाच आहे, मला मान्य आहे, माझ्या सासूनं असाच लग्नातला चहाचा समोवार घालवला... पण शहाणी माणसं काय करतात? चांगली वस्तू आतल्या खोलीत ठेवतात! लसूण आतल्या खोलीत कसा ठेवायचा हो?

आणि हा काही फेब्रुवारीत बाजारात बायका पोत्यानं विकायला बसतात तो लसूण नव्हे. हा मावशीच्या बापाच्या डोंगरावरचा. ती चार वर्षांची पोर होती, तेव्हा सरकारनं आमच्या डोंगरातल्या सगळ्यांना आगगाड्यांत कोंबून दूर कझाकस्तानात नेऊन टाकलं. परत येऊ दिलं तेव्हा घर मिळालं इथं खाली, वर जायला बंदी. तिला बापाचं घर आठवत नाही, बापाचा चेहरा आठवत नाही. आठवतं एवढंच, की घरामागं लसूण होता आणि आईच्या बोटांना त्याचा वास यायचा. बास. एवढ्या आयुष्यात एवढंच शिल्लक!

मग पुष्कळ वर्षांनी, बंदी उठल्यावर, तिचा भाचा खामिद एकदा वर गेला आणि त्या घरामागचा लसूण मातीसकट, पिशवीत घालून घेऊन आला. मी कुंपणातून... म्हणजे मी तिथे होतेच. म्हटलं, "मावशी, आण इकडे, सोलते, उकडते, लोण्यात परतते, मक्याची भाकरी टाकते, आत्ताच्या आत्ता खा!" तर ही काय म्हणते? "खाऊन टाकू? आपण तो गड्ड्यासकट खातो, बिर्लांत. खाल्ला की संपला. लाव तो. वाढू दे. पुढच्या वर्षी खाऊ, पोरी, पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! ऐंशीच्या पुढं माणूस पुढच्या वर्षाच्या गोष्टी करतो? पण लावला. मीच लावला, तिला कुठं वाकता येतंय? नासपतीच्या झाडाखाली, सावलीत, ओल्या पालापाचोळ्यात. उन्हाळ्यात बघते तर वाफा रिकामा! पान नाही, दांडा नाही, मी तिथेच बसून गळा काढला. आणि मावशी वरून हसतेय. "झोपलाय गं तो. तू झोपलीस की मी रडते का?" आणि खरंच, बर्फ वितळलं तशी पाती वर. मी खुरपं घेऊन पळाले. तर म्हणते, "थांब. बी धरू दे. आत्ता खणशील तर पसरणार कधी?" बी धरलं, काळं काळं, ते मी ताजंच पेरलं, तर ते दुसऱ्या वर्षी गवताच्या काडीएवढं उगवलं! एक पान! त्याचा गड्डा व्हायला आणखी तीन-चार वर्षं! अहो, एवढ्यात पोरगी शाळेत जायला लागते! तरी पसरला. वाफाभर झाला. आणि तेवढ्यात वर डोंगरात दरड कोसळली, वाट गेली, घरामागची सगळी उतरण खाली आली. म्हणजे आता जो काय होता तो या नासपतीखाली. मी म्हटलं, मावशी, या वर्षी खायचाच.

आणि फाटक वाजलं!

झार्गान. गल्लीच्या टोकाची. आत आली, बघितलं, आणि, "माशाल्लाह..." मी कुंपणापलीकडून खोकले, हात हलवले, डोळे वटारले, पण झार्गान इशारे समजायची नाही. मावशी म्हणाली, "बिर्लांत, पाहुणीला खणून दे. अर्धा वाफा दे. कोपरा काय देतेस, भिकारी आहोत का आपण?" दिला. "पुढच्या वर्षी, पोरी."

पुढच्या वर्षी कोण? गॅसचा मीटर बघणारा! तो काय पाहुणा आहे? पण मावशीच्या फाटकातून आत आला तो पाहुणा. आणि त्यानं कौतुकसुद्धा केलं नाही हो! नाक धरून म्हणाला, "काय वास सुटलाय इथं!" मी म्हटलं, मावशी, हा नावं ठेवतोय! "नाही गं, लाजतोय बिचारा. दे त्याला." तो माणूस 'नको, नको' म्हणत मागे सरकतोय, आणि मी खुरपं घेऊन त्याच्या मागे!

मग मी वाफ्यावर जुना गालिचा टाकला. तर आणखी एक पाहुणी आली, म्हणाली, "काय सुंदर गालिचा!" गेला गालिचा, आणि खालचा लसूण दिसल्यावर तोही गेला. मग मी ठरवलं, येणाऱ्याचं लक्षच दुसरीकडे वळवायचं. फाटकातच गाठून म्हणायचं, "ते सोडा हो, तो कोंबडा बघा, काय तुरा आहे!" पुढच्या पाहुण्यानं बघितलं. म्हणाला, "खरंच, काय कोंबडा आहे!" मावशीनं कोंबडा देऊन टाकला. आणि तो कोंबडा माझा होता!! कुंपणावरून उडून तिकडे गेला होता नुसता! मी काही बोलू शकले का? पाहुण्यासमोर? उलट मीच पाय बांधून दिला.

या वर्षी वाफ्यात एकच गड्डा उरला. एक! आणि मावशी थंडीभर आजारी. काही जात नाही पोटात, चहा दोन घोट. एकदा मला म्हणाली, "बिर्लांत, आईच्या बोटांचा वास आठवेनासा झालाय गं." मी तिथून उठलेच. त्या एका गड्ड्याला हात लावायचा नाही, नाहीतर बीजच बुडायचं. मग डोक्यात आलं, की झार्गानच्या अंगणात आहेच की! दिलेलं परत मागता येत नाही, पण पाहुणी म्हणून जायला कोणाची बंदी आहे?

गेले. फाटकातून शिरले आणि छातीवर हात ठेवून जोरात म्हटलं, "माशाल्लाह, झार्गान, काय लसूण!" आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य माझ्या तोंडात! झार्गानचा चेहरा असा पडला... मला कळला हो तो चेहरा, आरशात रोज बघते. तिचाही वाफा आल्यागेल्यानं निम्मा नेलेला. पण खणून दिला, मूठभर. मी तशीच पळत सुटले. सोलला, उकडला, लोण्यात परतला. मूठभराचा चमचाभर झाला, पण वास... भिंतींना लागला! मावशी उशीला टेकून उठून बसली. स्वतःहून! मी भाकरी मोडली, बशी तिच्या हातात दिली, तिनं बिस्मिल्ला म्हटलं...

आणि फाटक वाजलं!

झार्गान. घाईत माझा रुमाल तिच्याकडे राहिला होता, तो परत द्यायला. देव बरं करो तिचं! मावशीनं बशी खाली ठेवली. "ये गं, बस. जेव."

"तुमचं जेवण चाललंय, मावशी..."

"माझं आत्ताच झालं. पोट तट्ट भरलंय."

आत्ताच झालं! मी तिथं उभी, हातात रिकामी कढई! झार्गान नको नको म्हणाली, मावशीनं शपथ घातली, मग झार्गान जेवली. भाकरीनं बशी पुसून जेवली. आणि डोळे मिटून म्हणते कशी, "काहीही म्हणा मावशी, तुमच्या अंगणातल्या लसणाची चव माझ्या वाफ्यातल्याला नाही!"

मावशीनं माझ्या हातातली कढई घेतली, नाकाशी धरली, बराच वेळ. "तोच आहे," म्हणाली. "तोच वास." आणि चेहरा असा उजळला, की मला वाटलं, चला, एवढं तरी मिळालं तिला, आता निवांत...

तर लगेच माझ्याकडे वळली. "बिर्लांत, ऐकलंस ना ती काय म्हणाली? तो राहिलेला गड्डा खणून दे तिला. आपण काय, पुढच्या वर्षी, पोरी, पुढच्या वर्षी."

खुरपं कुठंय म्हणून विचारू नका. माझ्या कंबरेलाच खोचलेलं असतं.