पानी आया रे!

रिजवान लातूर-नांदेड एसटीत बसला होता. त्याच्या पॉप पंक बँडचा पहिला अल्बम आला, तर पुण्याच्या एका शहाण्या समीक्षकानं लिहिलं : 'मधेच आईची हाक. अडाणी रेकॉर्डिंग.' इंटरनेटवरच्या गाण्यातून ती हाक काढायलाच तो नांदेडच्या स्टुडिओत निघाला होता. मागच्या सीटवर दोन पोरी बोलत होत्या.

"अंबिके, त्या आपल्या लातूरच्या पोरांचं गाणं ऐकलीस का?"

"ते बोंबलत्यात ते?"

"हाव. मधीच माय ओरडती, 'रिजवान, पानी आया रे!' अन् सगळी वाजवायचं टाकून पळत्यात. बादल्या बी वाजत्यात."

"मग? आठ दिवसांनी नळ आल्यावर गिटार कोण वाजवत बसंल?"

"आमच्या हॉस्टेलात तर त्या जागी सगळ्या पोरी मिळून ओरडतो!"

"पण लई चिडकं हाय गं ते गाणारं पोरगं."

"नळाला पाणी न्हाई अन् त्यानं काय प्रेमाची गाणी म्हणावीत?"

रिजवाननं स्टुडिओत थांबलेल्या ड्रमरला फोन लावला.

"संगमेश्वर, हाक काढायची न्हाई."

"आरं येड्या, मग इकडं कशाला येऊन राहिलास?"

"अम्मीचा आवाज वाढवायला."