विमान आपलं डावीकडे

…अन् वरून गावातले लोक मलाच विचारून राहिले, "केवलराम, तुमच्या विमानाला डोळे आहेत का नाही?" डोळे! अहो, डोळे असून काय उपयोग, मानच वाकडी असेल तर? तुम्हाला सांगतो, दोन हजार तेराचा अख्खा मे महिना मी आभाळाकडे तोंड करून काढला. बायको म्हणे, मानेचा पट्टा आणा. मी म्हटलं, पट्टा मला नको, त्याला बांध! कारण पाठवा सरळ… विमान आपलं डावीकडे!

आता तुम्ही म्हणाल, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसानं विमानाच्या नादी लागावं काऊन? तर मायसाठी. माझी माय फुलवंता, ऐंशी पार केलेली. आमचं जुनं गाव, जांभूळटोला, इटियाडोह धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी दहा वर्षांचा. त्या उन्हाळ्यात पाणी असं आटलं, असं आटलं, की मधल्या गाळातून गावातल्या घरांचे पाये उघडे पडले. काठावरून पाहावं तर नुसत्या काळ्या रेघा. चालत जावं तर मांडीएवढा गाळ, डोंगा न्यावा तर पाणी नाही! अन् मायनं धरलं, "केवल्या, मले माहं घर एकडाव पाहू दे. यंदा पानी भरलं का मंग मी काही पुढच्या उन्हाळ्यापावेतो टिकत नाही." बोला आता! पावसाला उरले वीस दिवस.

केशोराव मास्तर माझा वर्गमित्र, शाळेत विज्ञान शिकवतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत मोकळा. त्यानं इंटरनेटवरून सुटे भाग मागवून थर्माकोलचं विमान जोडलं होतं. खाली कॅमेरा, अन् पोटात काडीपेटीएवढी एक पेटी, तिचं नाव ऑटोपायलट. लॅपटॉपच्या नकाशावर टिंब द्यायचं, ते तिथं जाणार, फोटो काढणार, आपोआप परत येणार, आपण चहा प्यायचा. मी म्हटलं, मास्तर, असा गडी मला दुकानात ठेवायला जन्मात भेटला नाही!

सोडलं. गेलं. सरळ… सरळ… चहा ओठाला लागतो न लागतो, विमान आपलं डावीकडे! सापडलं कुठं? धानाच्या बांधीत, नाक खुपसून. एकशे दहा फोटो. गाव एकातही नाही! म्हशी, म्हशी, बगळे, पुन्हा म्हशी… अन् एकात आमच्या गावचा दुलीचंद, कालव्यात चोरून पाण्याची मोटार टाकताना, अगदी स्पष्ट! गावात गोष्ट लपते का? सकाळी तो दुकानात हजर. "काऊन बे केवल्या, माह्यावर विमान सोडून रायला का?"

"अरे बाबा, मायच्या घराचा फोटो पाहिजे."

"मायचं घर तिकडं, मी इकडं! मंग इकडं कायले येऊन रायलं?"

अहो, हाच तर प्रश्न होता!

मास्तरनं वही काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा कायदा. वारा असेल म्हणून सकाळी सहाला उडवलं, झाडाचं पान हलत नव्हतं… विमान आपलं डावीकडे. पंख तपासले, शेपूट सरळ केली, विमानाला किती सॅटेलाइट सापडतात ते मोजले… डावीकडे! मग इंटरनेटवर त्यानं वाचलं, आत एक होकायंत्र असते, त्याला दिशा शिकवाव्या लागतात. कशा? विमान दोन्ही हातांवर घ्यायचं, नाक वर, नाक खाली, या कुशीवर, त्या कुशीवर, अन् आपण गोल फिरायचं. दोन म्हातारे उघड्या शेतात, भर उन्हात, छातीशी विमान धरून गरगर फिरून राहिले! तेंदूपत्ता तोडायला निघालेली कुसुमबाई थांबली अन् म्हणते, "भाऊजी, कोनाचं बारसं हाये जी?"

हसा! पण त्या बारशानंतर पहिली फेरी सरळ गेली. नुसती चाचणी, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पण सरळ! उतरताना जरा आपटलं. दुसरी फेरी? विमान आपलं डावीकडे. रोज शिकवायचं, रोज आपटलं की विसरायचं. मास्तर म्हणे, "माझ्या सातवीच्या वर्गापेक्षा बरं आहे, ते न आपटताच विसरतात."

असे पंधरा दिवस गेले. आमच्या इकडच्या प्रतापगडाच्या डोक्यावर ढग जमायला लागले. माय रोज विचारे, "भेटलं का माहं घर?"

शेवटी मास्तरनं शाळेतलं साधं होकायंत्र आणलं अन् विमानावरून फिरवलं. पोटावर ठीक. नाकापाशी नेलं… सुई गर्रकन नाकाकडे! मास्तरनं माझ्याकडे पाहिलं.

"केवल्या, तुला मी म्हटलं होतं, नाक हलकं पडते, थोडं वजन टाक. काय टाकलं?"

"वजनच टाकलं…"

"कशाचं?"

आता काय सांगू? माझे वडील बकाराम. आमच्या या झाडीपट्टीत कुठं नाटक असलं, की बैलबंडीवर भोंगा बांधून गावोगाव त्यांचाच आवाज. "आज रात्रौ ठीक दहा वाजता…" बायका चूल सोडून दारात येत. अन् गाव उठवायचं ठरलं, तेव्हा साहेबानं कागद त्यांच्याच हातात दिला. आपल्याच गावाला, आपल्याच आवाजात बाबांनी वाचून दाखवलं, "सर्वांनी गाव रिकामं करावं." त्यानंतर त्यांनी कधी माइक हातात घेतला नाही. ते गेल्यावर मी तो माइक उघडला. आतला सुपारीएवढा लोहचुंबक तेवढा जपून ठेवला. म्हटलं, वजनच टाकायचं तर बाबांना टाकू. गावावरून एक फेरी होईल त्यांची!

चुकलं का? चुकलंच! जन्मभर चुंबकात हात घालणारा मेकॅनिक मी, अन् होकायंत्राच्या शेजारी चुंबक ठेवतो! तोही कापसात गुंडाळून, म्हणजे दर वेळी आपटलं की सरकणार, अन् शिकवलेलं सगळं पाण्यात.

मास्तर रागावला नाही. चुंबक काढून त्यानं माझ्या खिशात घातला. "काकांना इथूनच पाहू दे." नाकात मासे धरायच्या जाळ्याची शिशाची गोळी बसवली, अन् विमान सोडलं. मी सवयीनं मान डावीकडे वळवली… तिकडे काहीच नाही! मास्तर ओरडला, "इकडं पाय, इकडं!" विमान सरळ, नाकासमोर, थेट गावावर. अहो, मी त्या आभाळाला हात जोडले.

दुकानातल्या टीव्हीवर फोटो लावला अन् मायला खुर्चीत बसवलं. गाळात चौकोनच चौकोन, विहिरीचं गोल तोंड, मोहाचा खुंट. मायनं बोट टेकवलं. "हे चूल. अठी तुहा बाप निजे." मी रडलो, तुमच्यापासून काय लपवायचं? अन् तेवढ्यात माय खुर्चीतून उठली, "हे पाय! पाय केवल्या! मी नव्हती म्हनत? त्या शामकलानं हातभर भिंत माह्या घरामागच्या वाडीत सरकवली होती!"

शामकला म्हणजे जुन्या गावातली शेजारीण. नव्या गावात दोन गल्ल्या सोडून राहते, अन् गाव उठल्यापासून दोघींचं बोलणं बंद! मला तर कारणही माहीत नव्हतं. "जा, बलाव तिले!" आणली. तिनं चष्मा लावला, टीव्हीला नाक टेकवलं अन् म्हणते, "हातभर कायची? वीतभर हाये!"

झालं! तेव्हापासून रोज दुपारी दोघी माझ्या दुकानात. टीव्ही बंद करायची सोय नाही, गिऱ्हाईक उभं, चहा माझा, अन् यांचं हात का वीत, हात का वीत… पाऊस पडला, धरण भरलं, भिंत पुन्हा बुडाली, तरी मिटत नाही. काल दोघींचं एकमत झालं, पहिल्यांदा! म्हणतात, "केवल्या, तू सरकारी मोजणीचा अर्जच देऊन ये."

जातो उद्या. साहेबाला एवढंच विचारायचं आहे, पोहता येते का?