तिसरी शेवटची सूचना

हसत नाहीये हो मी! — चेहराच असा आहे, त्याला मी काय करू? — बरं, बसते सरळ. हनुवटी वर? एवढी? अहो, एवढी वर केली तर नाकपुड्या येतील फोटोत, आणि व्हिसा ऑफिसवाले म्हणतील, बाईंनी आता नुसत्या नाकाचा फोटो पाठवलाय! — पहिल्यांदा दात दिसतात म्हणून परत, दुसऱ्यांदा हसताना डोळे मिटले म्हणून परत, आता तिसऱ्यांदा नाक — थांबा थांबा, हसू येतंय, एक मिनिट द्या. पाय झाडू का जरा? वाळू सांडली बघा तुमच्या फरशीवर. सकाळी बसमधून उतरले ती थेट धक्क्यावर. म्हटलं, एकदा परदेशी गेलं की कुठलं येणं होतंय, शेवटचं डोळे भरून बघून घ्यावं — मागच्या दोन्ही वेळी हेच म्हटलं होतं म्हणा! — आणि पाण्यात उतरले ती गुडघ्यापर्यंत भिजले. या वयात! मग बोटीनं पलीकडे गेले, आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. तिकीटवाला म्हणतो, बाई, काही हरवलंय का तिकडे? म्हटलं, नाही रे बाबा, निरोप घेतेय.

त्याला काय ठाऊक, याच धक्क्यावर अकरा वर्षं माझा आवाज चालायचा! — हो, मीच ती. 'बोट सुटत आहे, ही शेवटची सूचना' — आठवतं? मग बोलला नाहीत ते इतके दिवस! शेवटची सूचना मी तीनदा द्यायचे. नियम एकदाच देण्याचा होता, पण कसं असतं — पहिली ऐकून माणसं हातातला चहा संपवतात, दुसरी ऐकून एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि तिसरी — तिसरी त्यांच्यासाठी, ज्यांचं पाऊलच उचलत नाही. तिसरीनंतर मात्र दोर सुटायचा. साहेब ओरडायचे, मी हो हो म्हणायचे आणि पुढच्या बोटीला पुन्हा तीनदा. आज काय केलं सांगू? आता तिथं बसते ना ती मुलगी, तिच्या हातापाया पडून माइक घेतला नि दिली ठोकून — तीनदा! अख्खा धक्का वळून बघायला लागला, एक आजोबा तर धावतच सुटले — त्यांना जायचंच नव्हतं कुठं! — हे बघा, पुन्हा हसवलंत मला.

हं. मिटले ओठ. — काय? आमच्या तिकडे फोटोवाला नाही का? आहे की, घराखालीच आहे, दहा पायऱ्या उतरल्या की दुकान — म्हणजे… त्याचा हात बरा नाही हो. तुमच्या हातचे दोन परत आले ते खरं, पण त्यात तुमचा काय दोष? तुम्ही म्हणाला होतात, दात दिसतायत, दुसरा काढू. मीच म्हटलं, असू दे, चालतंय. आता चालणार नाही हे मला काय कळत नव्हतं? पण फोटो परत आला की पुन्हा काढायला यायचं, आणि आलं की अख्खा दिवस धक्का, बोट, वाळू — असं बघू नका माझ्याकडे. मला जायचं नाही असं थोडंच आहे! लेक आहे तिथं, नात आहे, आणि आमचे हे — ह्यांचे कागद आधी झाले, चार महिने झाले जाऊन बसलेत.

ह्यांची गंमत सांगते, पोट धरून हसाल. आमच्याकडे सकाळचा चहा पहिल्यापासून ह्यांच्याकडे. लेकीकडे गेल्या गेल्या पातेलं जाळलं, घरभर धूर, नात खोकतेय, शेजारी दार वाजवतायत! — आणि तरी हट्ट सोडला नाही. रोज सगळ्यांच्या आधी उठतात, चहा टाकतात आणि दोन कप काढतात. दोन! चाळीस वर्षांची सवय ना हाताला. मग म्हणे दुसरा कप हातात धरून उभे राहतात, लेक दारातून बघत असते, तिला हसू आवरत नाही — उभेच राहतात, आणि मग तो पुसून परत कपाटात —

काढलात?

मी बोलत होते ना अजून! — दाखवा. — डोळे उघडे आहेत. दात नाहीत. हनुवटीही तुम्ही म्हणत होतात तश्शी. — नाही, दुसरा नको. हा नाही यायचा परत. घाला पाकिटात. — आणि तो दिवा बंद करा आधी, डोळ्यात जातोय.