तोरणाची तार

अबोली : शेजारचे अंकुशभाऊ, पोरगी पळाली म्हणून आपली माफी मागून गेले, आणि तू खुशाल म्हणालास, ‘असू दे, पोरं पळतातच!’

प्रसाद : हळू बोल. तीर्थप्रसादाला आलेली माणसं आहेत बाहेर.

अबोली : पायल पळत नव्हती. मी तिथेच होते. अंगणातल्या आपल्या स्विमिंग पूलच्या शिडीला हात लावला आणि फेकली गेली पोर. कपाळाला टाके पडलेत तिच्या.

प्रसाद : शिडी ओली होती गं...

अबोली : मग तिला उचलायच्या आधी पंपाचा स्विच बंद करायला का धावलास?

प्रसाद : पंपातून करंट उतरला होता.

अबोली : पण तू तांब्याची तार लावली होतीस ना? शिडी, लोखंडी फ्रेम, पंप, सगळ्याला जोडून. केवढं लेक्चर दिलं होतंस मला! करंट कुठेही उतरू दे, हाताला झटका बसणार नाही म्हणून.

प्रसाद : सकाळी काढली ती.

अबोली : काढली?

प्रसाद : तोरणाची सुतळी तुटली. गुरुजी दारात उभे. म्हटलं, सत्यनारायण झाला की परत लावू. मग तुझ्या माहेरचे आले, पंगत बसली... पोरं पाण्यात कधी उतरली, कळलंच नाही.

अबोली : आणि रबाळ्याला कंपनीत अर्थिंग न बघता कुणी मशीनला हात लावला, तर तू त्याला घरी पाठवतोस.

प्रसाद : पुरे ना. लाज वाटतेय मला. अंकुशभाऊ हात जोडत होते तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

(दाराची बेल वाजते.)

अंकुश : वहिनी, परत त्रास देतो. घरी जाऊन हिचं नवीनच नाटक. म्हणे, शिडीनं धक्का मारला! दिली एक ठेवून, तेव्हा कबूल झाली. पायल, बोल काकांना.

पायल : सॉरी काका. मी पळत होते.

प्रसाद : तू पळत नव्हतीस, बाळा.

अंकुश : लाडावू नका हो तिला. आमी घरात खोटं खपवून घेत नाय.

प्रसाद : अंकुशभाऊ, जरा वर बघा. हे तोरण ज्या तारेनं बांधलंय ना, ती पूलची आहे. झटका बसू नये म्हणून लावलेली. मीच काढली. शिडीनं खरंच धक्का मारला तिला. मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

पायल : बाबा, मी आधी खरंच सांगितलं होतं ना?